जुन्या गणवेशाचा मास्क



दिवाळीची सफाई सुरू झाली का तुमच्याकडे? माळ्यावरची भांडी खाली येतात, जळमटं निघतात, गाद्या झटकल्या जातात आणि घरातल्या कुणाला तरी हमखास शिंका सुरू होतात. मग आई म्हणते, "अरे, तोंडाला रुमाल तरी बांध!" रुमाल बांधला की तो दर दोन मिनिटांनी नाकावरून घसरतो. म्हणून या वेळी आपण धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येईल असा कापडी मास्क, म्हणजेच मुखपट्टी, हाताने शिवायला शिकणार आहोत. मशीन नको आणि विकतचं कापडही नको. सुई-दोरा, तुमचा आखूड झालेला गणवेशाचा शर्ट आणि आजीच्या मऊ पातळाचा किंवा आजोबांच्या धोतराचा एक तुकडा एवढं साहित्य पुरे.

गणवेशाचा शर्टच का, ते पुढे सांगते. आधी एक प्रयोग करू.

एक छोटा आरसा घ्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा. आता मोठ्याने, ठसक्यात म्हणा : "पाटावरची पोपटी पिशवी फेकून भाऊ पुढं पळाला." तीनदा म्हणा आणि आरसा उजेडात तिरका करून पाहा. बारीक बारीक थेंब दिसतील. व्याकरणात आपण प, फ, ब, भ, म यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतो, कारण ते ओठ मिटून उघडल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. ओठ झटकन उघडले की थुंकीचे तुषार उडतात. नुसतं बोलताना एवढे, तर खोकताना किती उडत असतील? आता आरसा पुसून तोंडासमोर सुती कापडाची तिहेरी घडी धरा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. आरसा बराच स्वच्छ राहील. अडलेले थेंब कापडाच्या आतल्या बाजूला बसलेले असतात.

हा प्रयोग आमच्या वर्गात केला तेव्हा एका मुलाने फार चांगला प्रश्न विचारला. "बाई, विषाणू तर कापडाच्या छिद्रापेक्षा कितीतरी लहान असतो. मग तो अडतो कसा?" त्याचं म्हणणं खरं आहे. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉन एवढा असतो. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग तेवढा. पण विषाणू एकटा हवेत हिंडत नाही. तो थुंकीच्या नाहीतर शेंबडाच्या थेंबात बसून येतो आणि थेंब त्याच्या मानाने बराच मोठा असतो. शिवाय कापड म्हणजे चाळणी नव्हे. दाट वाढलेल्या कपाशीतून धावत जायचा प्रयत्न करा बरं! वाट असते, तरी चार पावलांवर कुठल्यातरी फांदीला अडकताच ना? तसे हे थेंब एका धाग्याला चुकवतात आणि दुसऱ्याला आपटतात. म्हणून वीण दाट हवी आणि थर एकापेक्षा जास्त हवेत. तरीसुद्धा अगदी बारीक कण कापडातून निसटतातच. एन-९५ नावाचा मास्क किमान ९५ टक्के बारीक कण अडवतो, कारण त्याच्या तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो. तो साबणाने धुतला की भार जातो आणि मास्क निकामी होतो. आपला मास्क त्याच्याइतका समर्थ नाही, पण रोज धुता येतो.

तोंडावर कापड बांधून रोग थोपवायची कल्पना करोनात निघाली असं तुम्हांला वाटत असेल. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या उत्तरेला मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. हार्बिन शहरात डॉ. वू लिएन-तेह यांना पाठवण्यात आलं. वय अवघं ३१ वर्षांचं, जन्म मलेशियातल्या पेनांगचा आणि शिक्षण इंग्लंडातल्या केंब्रिजचं. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे होतो एवढंच तोवर बहुतेक डॉक्टर मानत होते. वूंनी पाहिलं, की हा प्लेग खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो आहे. त्यांनी जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस घालून मास्क बनवले आणि डॉक्टर, नर्स, प्रेतं उचलणारे मजूर अशा सगळ्यांना बांधायला लावले. मेस्नी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. ते मास्क न लावता रुग्णांना तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसं दगावली. रुग्णांना वेगळं ठेवणं, प्रवास थांबवणं आणि मास्क अशा सगळ्या उपायांनी १९११ च्या वसंतापर्यंत साथ आटोक्यात आली. नुसत्या मास्कने ती थांबली असं मात्र समजू नका.

आणि आपल्याकडे? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा तुमच्यातले बरेच जण अंगणवाडीत नाहीतर आईच्या कडेवर होते. औषधांच्या दुकानांतले मास्क बघता बघता संपले. जे होते ते दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सना आधी मिळायला हवे होते. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने लोकांना सांगितलं, की मास्क घरीच शिवा. मग राज्यभर गावोगावच्या बचत गटांच्या बायकांनी मशीनी बाहेर काढल्या. परकर-पोलकी शिवणाऱ्या हातांनी लाखो मास्क शिवले. महाराष्ट्रात मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी उठली. सक्ती उठली, पण धूळ, सर्दी आणि खोकला काही उठले नाहीत!

चला, आता शिवायला बसू. मुलगे मागे सरकू नका हं. "शिवणकाम मुलींचं" असं कुणी म्हटलं, तर त्याला आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत एक चक्कर मारून आणा. तिथल्या बोळांत मशीनवर मान मोडून काम करणारे कितीतरी शिंपीकाका दिसतील.

कापड निवडण्यात निम्मं काम असतं. आतून, म्हणजे ओठांना लागेल तिथे, मऊ सुती कापड हवं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण विरलेलं नको. खिडकीसमोर धरल्यावर पलीकडची माणसं ओळखू आली, तर ते कापड पुसायला ठेवा. बाहेरून मात्र पाणी चटकन न पिणारं कापड चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये कापडी मास्कसाठी तीन थर सुचवले, ते असेच : आतला थर ओलावा शोषणारा आणि बाहेरचा न शोषणारा. गणवेशाचा शर्ट बहुधा टेरिकॉटचा असतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, धोतरावर पसरतो तसा लगेच पसरत नाही. म्हणून बाहेरून गणवेश! काही जणांना वाटेल, घरात जुनी हिमरू शाल आहे, तिचा मास्क किती छान दिसेल. हिमरू आपल्या शहराची शान आहे, पण तिच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात. ते नाकात जातील आणि आजी रागावेल ते वेगळंच. तिला हात लावू नका.

निवडलेलं कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं. शिवल्यावर आटलं तर मास्क ताईच्या बाहुलीला द्यावा लागेल.

आता माप. नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खालपर्यंत एक दोरा धरा आणि तो पट्टीवर मोजा. येईल त्यात दीड इंच मिळवा. ही झाली कापडाची उंची. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ती साडेसहा इंचांच्या आसपास येते आणि रुंदी आठ इंच पुरते. मोठ्या माणसासाठी रुंदी नऊ आणि उंची साडेसात इंच धरा. या मापाचे तीन आयत कापा : एक गणवेशाचा आणि दोन सुती. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाणार आहे. कापडाच्या या जादा कडेला शिंपी 'माया' म्हणतात. किती गोड शब्द आहे ना! माया कमी पडली तर शिवण उसवते. शर्टाच्या उलट्या बाजूने खडूने मायेची रेघ आखून घ्या.

शिवाय सोळा-सोळा इंचांच्या चार नाड्या हव्यात. जुन्या साडीचा अरुंद काठ कापून, दुमडून, टाके घातले की झकास नाडी होते. कानात अडकवायचं इलॅस्टिक सोपं वाटतं, पण गरम पाण्याने ते सैल पडतं. नाडी मात्र कुणाच्याही डोक्याला बसते, मग तो पहिलीतला भाऊ असो की फेटेवाले आजोबा.

मांडणी नीट लक्ष देऊन वाचा, गंमत इथेच आहे. पाटावर एक सुती तुकडा ठेवा. त्यावर दुसरा सुती तुकडा ठेवा, सुलटी बाजू वर. त्यावर चार कोपऱ्यांशी चार नाड्यांची टोकं ठेवायची. वरच्या नाड्या वरच्या कडेपासून अर्धा इंच सोडून, खालच्या नाड्या खालच्या कडेपासून अर्धा इंच सोडून, आणि टोकं बाजूच्या कडेतून जराशी बाहेर डोकावणारी. नाड्यांचा उरलेला भाग गुंडाळून मधोमध ठेवा. आता गणवेशाचा तुकडा सुलटी बाजू खाली करून सगळ्यावर पांघरा. म्हणजे नाड्या पोटात गेल्या. टाचण्या लावा आणि कच्चा धावदोरा घाला, म्हणजे थर सरकणार नाहीत.

पक्की शिवण उलट्या टिपेची घाला. सुई एक टाका पुढे काढायची आणि निम्मा टाका मागे येऊन पुन्हा खुपसायची. वेळ लागतो, पण दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. चारही बाजू शिवा, फक्त वरच्या कडेला मधोमध दोन इंच तोंड उघडं ठेवा. नाड्यांच्या जागी दोनदा टिपा मारा. कच्चा दोरा काढा. चारी कोपऱ्यांची जादा माया तिरकी छाटा, शिवण मात्र कापू नका. आता त्या तोंडातून बोट घालून, शर्टाचा थर आणि सुती थर यांच्या मधून, पिशवी सुलटी करा. नाड्या बाहेर येतील, गणवेश वर येईल आणि एक सुती थर आत दडून बसेल. आमच्या वर्गात या क्षणी नेहमी एकच गलका होतो.

नाकाजवळ मास्क चिकटून बसायला हवा, नाहीतर हवा कापडातून न जाता फटीतून पळते. त्यासाठी प्लास्टिकचं आवरण असलेल्या बारीक तांब्याच्या तारेचा चार इंच तुकडा घ्या. दोन्ही टोकं गोल वळवा, म्हणजे टोचणार नाहीत. ही तार उघड्या तोंडातून आत सरकवा, तोंडाच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बंद करा आणि वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर धावदोऱ्याची एक रांग घाला. तार तिच्या खोलीत कोंडली गेली.

राहिल्या चुण्या. वरून इंचभर सोडून तीन आडव्या चुण्या घाला, सगळ्यांची तोंडं बाहेरून खाली केलेली. वर केली तर धूळ त्यात साठेल. बाजूची कडा तीन ते साडेतीन इंच उरली पाहिजे. टाचण्या लावून दोन्ही बाजूंनी टीप घाला. इथे बरेच थर एकत्र येतात आणि सुई जाता जात नाही. बोटात अंगुस्तान घाला किंवा मोठ्या माणसाला बोलवा. इस्त्रीही मोठ्यांनीच फिरवावी. इस्त्री नसेल तर जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा, भूगोलाचं पुस्तक कामी येईल!

मास्क झाला. तो बसतो की नाही हे कसं ओळखाल? वरच्या नाड्या कानांवरून मागे, खालच्या मानेमागे बांधा, तार नाकावर दाबा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांना वारा लागला नाही पाहिजे. घरात कुणाला चष्मा असेल तर आणखी सोपं. काच धुरकटली, की वर फट आहे असं समजा. श्वास घेताना मात्र त्रास व्हायला नको. होत असेल तर मधला थर पातळ कापडाचा घ्या.

एकट्या मास्कवर भागत नाही. किमान तीन शिवा, कारण वापरलेला मास्क रोज धुवायचा असतो. साबण आणि एक मगभर गरम पाणी पुरतं. वाळवायचा कडक उन्हात, आणि उन्हाची आपल्या मराठवाड्यात काही टंचाई नाही. घामाने किंवा थुंकीने ओला झाला की लगेच बदला. काढताना पुढून पकडू नका, नाड्या सोडा. आणि मित्राचा मास्क आवडला म्हणून अदलाबदल? मुळीच नाही!

आता जे सांगते आहे ते मोठ्याने वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही ऐकवा. हा मास्क फवारणीसाठी नाही.

तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी कपाशी आहे. फवारणीला जाताना बाबा तोंडाला उपरणं बांधतात, आणि तुम्ही प्रेमाने शिवलेला मास्क त्यांना द्याल. देऊ नका. धूळ कोरडी असते, धाग्यांत अडकून बसते. कीटकनाशकाचे तुषार ओले असतात. ते कापडात मुरतात, आणि मग तेच विषारी ओलं कापड तासन् तास नाका-तोंडाला चिकटून राहतं. त्याची वाफही कापडातून सरळ आत जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण आजारी पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येत होता. फवारणीला वेगळा, गाळणी बसवलेला मास्क लागतो, हातमोजे लागतात, चष्मा आणि अंगभर कपडे लागतात, आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारावं लागतं. कुठल्या औषधाला काय साधन हवं ते डब्याबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद फार बारीक अक्षरांत असतो. बाबांना वाचायला अडचण होत असेल तर तुम्ही वाचून दाखवा. वाचता येणाऱ्या मुलांनी करावं असं हे काम आहे. आणि फवारणी चालू असताना तुम्ही स्वतः त्या वावरात पाऊल टाकायचं नाही, मास्क असो वा नसो.

धुराचंही तसंच. चुलीचा किंवा फटाक्यांचा धूर या कापडाने थांबत नाही. तिथून दूर जाणं हाच उपाय.

पालकांसाठी दोन गोष्टी. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२० च्या ऑगस्टमध्येच सांगितलं आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच बांधू नये, त्याला तो स्वतः काढता येत नाही. खेळाच्या तासाला, पळताना, झोपताना कुठल्याच मुलाला नको. दुसरं, घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल, तर मास्क देऊन गप्प बसू नका. त्यांना सरकारी दवाखान्यात न्या. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात. अशा वेळी खोकणाऱ्याने तोंड झाकलं तर घरातल्या बाकीच्यांचं, विशेषतः लहानांचं, रक्षण होतं, पण औषधाशिवाय खोकला जाणार नाही.

मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने सर्दी झाली तेव्हा शाळेत मास्क लावला. मधल्या सुट्टीत मुलं चिडवायला लागली, "करोना आला, करोना आला!" ती शांतपणे म्हणाली, "मला झालीय सर्दी. तुला नको व्हायला म्हणून लावलाय. काढू का?" चिडवणारा दोन पावलं मागे सरकला. तिच्या मास्कच्या आत, ओठांपासून दूर एका कोपऱ्यात, लाल दोऱ्याने तिच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं होतं. ही युक्ती मला फार आवडली, तुम्हीही करा. घरातल्यांचे मास्क एका दोरीवर वाळत असले तर कुणाचा कुठला ते चटकन कळतं.

दिवाळीच्या सफाईत मास्क कसा चालला ते आम्हांला पत्राने जरूर कळवा. माळा झाडून झाल्यावर त्याची बाहेरची बाजू कशी दिसत होती, हेही लिहा. आणि हो, कापताना उरलेल्या चिंध्या केराच्या टोपलीत टाकू नका. पिशवीत भरून ठेवा, रंगांप्रमाणे वेगळ्या केल्यात तर फारच छान. पुढच्या वेळी त्यांची बाहुलीसाठी एवढीशी वाकळ शिवू या. सुई तीच लागेल, दोरा मात्र जाड आणून ठेवा.